कान, सुरकुत्या आणि लाळ: ब्लडहाउंड सांभाळताना

ब्लडहाउंडचे केस आखूड असतात म्हणून त्याला ग्रूमिंग कमी लागतं असं खूप जण धरून चालतात, आणि नुसत्या केसांचं बोलायचं तर ते खरंही आहे, पण या कुत्र्याची खरी निगा केसांची नाहीच, कातडीची आहे. दोन साइज मोठा शर्ट घातल्यासारखी सैल कातडी, त्यात डोकं आणि गळ्याभोवती घड्याच घड्या, नाकाच्या टोकापर्यंत पोचतील असे लांब पातळ कान, लोंबणारे ओठ, खाली ओघळलेल्या पापण्या. जिथे घडी तिथे ओल, जिथे ओल तिथे वास आणि खाज, एवढं एक सूत्र डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं रूटीन आपोआप समजत जातं. आमच्या बंडूच्या पिल्लूपणापासून आतापर्यंत जे रोज करत आलोय ते लिहितो, कुणी हा ब्रीड घरात आणायचा विचार करत असेल तर आधीच कळलेलं बरं.

पहिले साइजचं बोलू. हे मोठं कुत्रं आहे, नर साधारण 46 ते 54 किलो आणि मादी 40 ते 48 किलो, खांद्यापाशी नराची उंची 68 सेंटिमीटरच्या आसपास. मूळ बेल्जियमचं, आर्डेनमधल्या सेंट ह्युबर्टच्या मठातल्या साधूंनी ही जात जोपासली असं मानतात आणि बेल्जियममध्ये अजूनही याला सेंट ह्युबर्टचाच कुत्रा म्हणतात. जमिनीला नाक लावून वासाच्या मागावर तासन् तास चालत राहायचं हे त्याचं पिढ्यान् पिढ्यांचं काम. हे सांगायचं कारण असं की एवढ्या वजनाचं, एवढं हट्टी जनावर मोठं झाल्यावर पहिल्यांदा धरून त्याचे कान साफ करू म्हटलं तर ते होत नाही. जे काही आयुष्यभर करायचंय त्याची सवय तो मांडीत मावतो तेव्हाच लावायची.

बंडू घरी आला तेव्हा दोन महिन्यांचा होता, चालताना स्वतःच्याच कानांवर पाय द्यायचा आणि तोंडावर पडायचा. त्या वयात खरं तर साफ करण्यासारखं फार काही नसतं, पण तरी मी रोज संध्याकाळी त्याला समोर बसवून कान उलटून बघायचो, पंजे हातात धरून एकेक बोट दाबायचो, ओठ वर करून दात बघायचो, घड्यांमधून बोट फिरवायचो आणि प्रत्येक गोष्टीनंतर एक बारीकशी ट्रीट. बस, दोन-तीन मिनिटं, तो कंटाळायच्या आत थांबायचं. या गोष्टीचा जेवढा फायदा झाला तेवढा नंतर घेतलेल्या कुठल्याच महागड्या वस्तूचा झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. आज पन्नास किलोचा गडी कान साफ करायची बाटली दिसली की स्वतःहून येऊन बसतो, नाखुशीने का होईना पण बसतो.

आता कान. कानांवर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण या ब्रीडची अर्धी दुखणी तिथूनच सुरू होतात. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ नसते, आधी खाली उतरते आणि मग आत वळते, त्यामुळे आत गेलेलं पाणी आणि मळ सहज बाहेर येत नाही. त्यात ब्लडहाउंडचा कान वरून झाकणासारखा बंद, हवा खेळत नाही, आत कायम उबदार आणि दमट. यीस्टला, म्हणजे कातडीवर वाढणाऱ्या बुरशीला, अजून काय पाहिजे. शिवाय हे कान जमिनीवर लोळतात, पाण्याच्या भांड्यात बुडतात, जेवणात माखतात, आणि मग तोच ओला चिकट कान गालाला आणि गळ्याला चिकटून बसतो.

म्हणून आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या आहेत. एक, जेवणाचं आणि पाण्याचं भांडं खोल आणि तोंडाला अरुंद, म्हणजे तोंड आत जातं आणि कान बाहेर राहतात. जेवताना कान मागे धरून ठेवणारी कापडी पट्टी मिळते, स्नूड म्हणतात तिला, तीही चालते, पण बंडू ती पंजाने ओढून काढतो म्हणून आम्ही भांड्यावरच भागवतो. दुसरं म्हणजे जेवण झालं की कानांची टोकं ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करायची. वाळलेलं अन्न कानाच्या कडेला चिकटून राहिलं की तिथली कातडी तडकते आणि त्या पातळ कडेतून रक्त येऊ लागलं तर लवकर थांबत नाही, कारण डोकं झटकलं की खपली निघते, परत झटकलं की परत निघते, हे चक्रच चालू होतं.

आतली सफाई आठवड्यातून एकदा, पावसाळी किंवा दमट हवा असेल तर दोनदा. कान वर उचलून धरायचा, कुत्र्यांसाठीचं इयर क्लीनर नळी भरेल इतकं ओतायचं (बाटलीचं टोक कानाला टेकवायचं नाही), आणि मग कानाच्या बुडाशी अंगठा आणि बोटात धरून अर्धा मिनिट चोळत राहायचं, आतून पचपच असा आवाज आला पाहिजे, तो आला म्हणजे औषध खालपर्यंत पोचलं. मग बाजूला व्हायचं. खरंच बाजूला व्हायचं, कारण तो जी मान झटकतो त्यात क्लीनर, मळ आणि लाळ असं सगळं एकत्र भिंतीवर जातं. झटकून झालं की बोटाला कापूस किंवा गॉज गुंडाळून जेवढं बोट सहज जातं तेवढंच पुसायचं. इअरबड आत घालायचे नाहीत, त्याने मळ अजून खाली ढकलला जातो. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, व्हिनेगर असले घरगुती प्रयोग तर अजिबात नको, आत जरा लाल असेल तर जाम आग होते आणि एकदा तसं झालं की कुत्रा पुढे कान धरू देत नाही.

रोज मात्र नुसतं बघायचं आणि वास घ्यायचा. हो, नाक लावून वास घ्यायचा. निरोगी कानाला फार वास नसतो, थोडा मेणाचा असतो तेवढाच. आंबूस वास आणि चॉकलेटी चिकट मळ असला तर बहुतेक यीस्ट, पिवळट पू असेल तर बॅक्टेरिया, कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा कोरडा मळ असेल तर कानातले माइट्स, म्हणजे अगदी बारीक किडे, असू शकतात. पण हे आपल्या अंदाजापुरतंच, औषध व्हेटनी (जनावरांच्या डॉक्टरांनी) कानातलं सँपल मायक्रोस्कोपखाली बघून आणि आतला पडदा शाबूत आहे ना ते तपासूनच द्यायला पाहिजे, मागच्या वेळचे उरलेले ड्रॉप्स परत घालायचे नाहीत. एकच कान सारखा खाजवतोय, मान एका बाजूला कलते आहे, कानाला हात लावला की कण्हतोय, असं दिसलं तर वाट बघत बसू नये.

कानानंतर तोंड. बंडू मान वर करून बसला असेल तर चेहरा तसा ठीकठाक दिसतो, पण त्याने नाक जमिनीला लावलं की कपाळाची सगळी कातडी पुढे घसरते आणि डोळे जवळजवळ झाकले जातात. त्या घड्यांच्या आत बोट घातलं तर कातडी गरम आणि ओलसर लागते. रोज रात्री मी एक मऊ फडकं कोमट पाण्यात पिळून घेतो, एका हाताने घडी उघडून धरतो, दुसऱ्या हाताने आतून पुसतो आणि मग लगेच कोरड्या फडक्याने टिपून घेतो. कोरडं करणं हे पुसण्यापेक्षा महत्त्वाचं. ओलं सोडण्यापेक्षा न पुसलेलं बरं, असं आमच्या व्हेट मॅडम म्हणतात. पावडर टाकून ओल शोषून घ्यायचा सल्ला खूप जण देतात, मी टाकत नाही, ती लाळेत कालवली की तिचाच लगदा घडीत बसतो. कातडी लाल झाली, केस विरळ झाले किंवा वास यायला लागला तर व्हेटनी दिलेले क्लोरहेक्झिडीनचे, म्हणजे जंतुनाशकाचे, वाइप्स वापरतो, पण ते गळ्याच्या आणि ओठांच्या घड्यांसाठी, डोळ्यांच्या जवळपासही न्यायचे नाहीत कारण क्लोरहेक्झिडीनने डोळ्याच्या बुबुळाला इजा होते. खालच्या ओठाच्या बाजूला एक खोबण असते तीही विसरू नये, अन्न तिथेच अडकून कुजतं आणि आपण दातांना दोष देत बसतो.

डोळ्यांना या जातीत जन्मतःच त्रास असतो. खालची पापणी लोंबते, आतला लाल भाग उघडा राहतो, त्यात धूळ, गवताची कुसळं, केस सगळं जाऊन बसतं. काहींची पापणी उलट आत वळते आणि पापणीचे केस बुबुळाला घासतात, ते जास्त वाईट, त्याला ऑपरेशन लागू शकतं. सकाळी उठल्यावर आम्ही सलाइनने डोळे धुतो, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेर असं पुसतो आणि प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. थोडी पाण्यासारखी घाण रोजची, ती चालते. पण डोळा मिचकावणं, बंद ठेवणं, पिवळा-हिरवा चिकट स्राव किंवा बुबुळावर पांढुरकी झाक दिसली तर त्याच दिवशी दाखवायचं.

लाळेवर उपाय नाही. टॉवेलच उपाय. दारामागे एक, जेवणाच्या जागी एक, गाडीत एक आणि बाहेर फिरताना माझ्या खांद्यावर एक असे जुने टॉवेल असतात. पाणी प्यायल्यावर लगेच ओठ पुसले तर निम्मा त्रास वाचतो, कारण पाणी पिऊन तो जी मान झटकतो त्याचे धागे छतापर्यंत उडालेले मी पाहिलेत. गळ्याखाली सतत ओल राहिली की तिथेही पुरळ येतं म्हणून पट्टा रात्री काढून ठेवायचा आणि गळा कोरडा करायचा. ज्यांना घरातल्या भिंती आणि कपडे यांची फार काळजी आहे त्यांनी दुसरा ब्रीड बघावा, हे मी अगदी मनापासून सांगतोय, नंतर कुत्र्यावर चिडण्यात काही अर्थ नाही.

केसांचं काम सोपं. रबरी ग्लोव्ह घालून आठवड्यातून एक-दोनदा सगळ्या अंगावरून हात फिरवायचा, आधी गोल गोल आणि मग केसांच्या दिशेने. केस गळतात, वर्षातून काही आठवडे तर भरपूर गळतात, तेव्हा रोज करावं लागतं. अंघोळ चार ते सहा आठवड्यांनी. हाउंडच्या अंगाला स्वतःचा एक तेलकट वास असतो, तो धुऊन पूर्ण जात नाही आणि घालवायच्या नादात सारखी अंघोळ घातली तर कातडी कोरडी पडून उलट जास्त खाज सुटते. पाणी कोमट, शाम्पू कुत्र्यांचाच, आपला नाही, कारण त्यांच्या कातडीचा पीएच आपल्यापेक्षा वेगळा असतो. शाम्पू घड्यांमध्ये अडकून राहतो म्हणून धुताना प्रत्येक घडी ओढून सरळ करून पाणी सोडायचं, मला तर शाम्पू लावण्यापेक्षा तो काढायलाच दुप्पट वेळ लागतो. आणि नंतर परत तेच, कोरडं करणं, कान आतून-बाहेरून, काखा, जांघा, गळा.

नखांचं वेगळं सांगतो. बंडूची नखं काळी आहेत, आतली शीर बाहेरून दिसत नाही, त्यामुळे क्लिपरने एकदम कापायला मला धीर होत नव्हता. मग आम्ही ग्राइंडर, म्हणजे नख घासून कमी करायचं छोटं मशीन, घेतला. आधी नुसता बंद मशीन हुंगू दिला, मग दूर कुठेतरी चालू करून ट्रीट, मग चालू मशीनची मूठ पंजाला टेकवून ट्रीट, आणि हे सगळं पचल्यावरच पहिलं नख, तेही एका बैठकीत एकच. आता तो कुशीवर झोपतो, मी पंजा मांडीवर घेतो, नख दोन बोटांत घट्ट धरतो म्हणजे कंपनं कमी जाणवतात, आणि दोन-तीन सेकंद लावून उचलतो, दोन-तीन सेकंद लावून उचलतो, नाहीतर नख तापतं. घासलेल्या टोकाच्या मध्यभागी गडद ओलसर ठिपका दिसायला लागला की थांबायचं, तिथून शीर जवळ आहे. रक्त थांबवायची स्टिप्टिक पावडर हाताशी ठेवायचीच. फरशीवर चालताना टकटक आवाज येतो म्हणजे नखं वाढलीत. एवढ्या वजनाच्या कुत्र्याची नखं वाढली की बोटं वाकडी पडतात, चालणं बदलतं आणि ताण सांध्यांवर येतो, म्हणून हे टाळायचं नाही. पायाच्या वर आतल्या बाजूला असलेलं जादा नख, ड्यूक्लॉ, जमिनीला टेकत नाही, झिजत नाही, ते वळून कातडीत घुसू शकतं, त्याच्यावर आठवणीने लक्ष.

दात कुत्र्यांच्या पेस्टने घासतो, आपली पेस्ट चालत नाही, त्यातला फ्लोराइड आणि काही पेस्टमधलं झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) कुत्र्यांसाठी विषारी आहे.

आता जे सगळ्यात गंभीर आहे ते. ब्लडहाउंडची छाती खोल असते आणि अशा कुत्र्यांमध्ये पोट, म्हणजे आतलं जठर, गॅसने फुगून स्वतःभोवती पिळलं जाण्याचा धोका मोठा असतो, ब्लोट म्हणतात त्याला. रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रा जातो. लक्षणं पाठ असायला पाहिजेत घरातल्या प्रत्येकाला: उलटीचा जोर करतोय पण काही पडत नाही, पोट टम्म, एका जागी बसवत नाही, लाळ नेहमीपेक्षाही जास्त, हिरड्या फिक्या. हे दिसलं की सकाळपर्यंत थांबू, गॅसचं औषध देऊन बघू असं काही करायचं नाही, उचलायचं आणि रात्री दोन वाजले असले तरी इमर्जन्सीला न्यायचं, जाता जाता फोन करून सांगायचं म्हणजे ते तयार राहतात. आम्ही दिवसाचं जेवण तीन भागांत देतो, तो हावरटासारखा खातो म्हणून सावकाश खायला लावणारं पझल भांडं आहे, पण अरुंदच, कानांमुळे. जेवणाच्या आधी-नंतर तासभर पळापळ नाही. पूर्वी मोठ्या कुत्र्यांना उंच स्टँडवर भांडं ठेवून खायला द्या असं सर्रास सांगायचे, पण पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंच भांड्याचा संबंध उलट वाढलेल्या धोक्याशी दिसला, तेव्हा आम्ही खालीच ठेवतो. आणि नसबंदीच्या वेळीच गॅस्ट्रोपेक्सी करून घेतली, यात जठर आतून बरगड्यांच्या बाजूच्या भिंतीला शिवतात. त्याने पोट फुगायचं थांबत नाही, पण पीळ पडायचा धोका खूप कमी होतो. ऑपरेशनचा निर्णय घेताना घरात वाद झाले, आई म्हणाली धडधाकट कुत्र्याचं पोट कशाला फाडायचं, आणि तिचं म्हणणं मला समजत होतं, पण आज परत विचारलं तरी मी तेच करीन.

पिल्लू असताना वाढ हळू होऊ द्यायची हेही खाण्याचाच भाग. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचंच खाणं, वरून कॅल्शियमच्या गोळ्या नाहीत, जादा कॅल्शियमने हाडं बिघडतात. अंगावर मास चढलंय म्हणून कौतुक होतं पण सांधे रडतात. जिने आणि गाडीतून उड्या वर्ष-दीड वर्ष तरी टाळाव्यात. आणि खाली पडलेलं काहीही गिळायची खोड असते, मोजे, दगड, टॉवेलचा तुकडा, तेव्हा जमीन मोकळी ठेवायची.

फिरायला रोज दोनदा, कायम पट्ट्याला बांधून. नाक कामाला लागलं की कान बंद होतात याचे, हाक मारा नाहीतर शिट्टी मारा, तो वास जिथे नेईल तिथे जाणार, समोर हायवे असला तरी. म्हणून मोकळं सोडायचं ते फक्त कुंपण असलेल्या जागी. गळपट्ट्यापेक्षा छातीवरचा हार्नेस बरा, हा ओढणारा कुत्रा आहे आणि गळ्याच्या घड्यांवर घासणं होत नाही. चालताना त्याला हुंगू द्यायचं, घाई करायची नाही, वीस मिनिटं मनसोक्त हुंगून तो जेवढा शांत होतो तेवढा नुसता तासभर चालवून होत नाही. घरी आलं की बोटांच्या मधे, कानांच्या मागे, काखेत हात घालून गोचीड आणि काटे बघायचे. झोपायला जाड गादी, कठीण फरशीवर धपकन बसून बसून कोपरांवर घट्टे पडतात आणि कधी तिथे पाण्याची गाठही येते. बंडूच्या डाव्या कोपरावर मऊ फुगवटा लागला तो असाच रात्री हात फिरवताना, दिसण्यासारखा झालाही नव्हता, गादी बदलली आणि तो बसून गेला.

मागच्या आठवड्यात मला बाहेरगावी जावं लागलं तेव्हा दादा घरी होता. जाताना त्याला सगळं एका कागदावर लिहून दिलं, जेवणाचे तीन भाग, सलाइन, घड्या, ब्लोटची लक्षणं लाल पेनाने आणि इमर्जन्सीचा नंबर. दादाला कुत्र्यांची तशी आवड नाही, रोज कान हुंगायचा हे वाचून तो कागद बाजूला टाकेल असं वाटलं होतं. तिसऱ्या संध्याकाळी त्याचा फोन, "अरे, याच्या उजव्या कानाला आंबूस वास येतोय, डाव्याला नाही. काही घालू का?" म्हटलं काही घालू नकोस दादा, सरळ व्हेटकडे ने. यीस्ट निघालं, अगदी सुरुवातीचं, अजून तो खाजवायलाही लागला नव्हता. ड्रॉप्स चालू आहेत, ते घालायला बंडू आता दादाच्याच समोर जाऊन बसतो, आणि येत्या शुक्रवारी परत सँपल बघायला बोलावलंय, मळ गेला तरी यीस्ट शिल्लक असू शकतं म्हणून.